‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार आली तर…

आजचा भाग घरून काहीतरी ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी आहे. साड्या, दागिने, मसाले, जुनी पुस्तकं, काहीही. मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण माझी काकू नाशिकहून साड्या विकते आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते त्या अनुभवातून.

पार्सल उशिरा आलं, पत्ता चुकला, या तक्रारी पटकन निपटतात. डोकं फिरवणारी तक्रार एकच: ‘आयटम वर्णनाप्रमाणे नाही.’ ती वाचल्यावर विकणाऱ्याला पैशांच्या आधी अपमान दिसतो. काकूचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘म्हणजे मी काय लोकांना फसवते का?’ आणि त्या तिरीमिरीत जे उत्तर टाइप होतं, तेच पुढे प्लॅटफॉर्मचा माणूस निकाल देताना वाचतो.

आमच्या क्षेत्रात बग रिपोर्ट आला की नवखा डेव्हलपर म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ चालत असेलही, पण समोरच्याच्या मशीनवर चालत नाहीये ना! इथेही तेच. ग्राहकाने साडी हातात घेतलेली नव्हती. त्याने एक वाक्य आणि चार फोटो विकत घेतले. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, तुमच्या चारित्र्याबद्दल नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता उरलेलं अर्धं. तक्रार आली की मी आधी ती तीनपैकी कुठल्या प्रकारची आहे ते ठरवतो.

पहिला प्रकार: वर्णनच चुकीचं. एका साडीचं शीर्षक होतं ‘सेमी-पैठणी सिल्क साडी’. नागपूरच्या ताईंनी पदराचा एक धागा काढून जाळून बघितला. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. त्यांनी गुठळीचा फोटोच पाठवला. काकू म्हणाली, ‘अरे, सेमी लिहिलंय ना! सेमी म्हणजे प्युअर नाही, हे कोणालाही कळतं.’ बाजारात कळतं, बरोबर आहे. पण शीर्षकात ‘सिल्क’ हा शब्द होता आणि साडीत रेशीम नव्हतं. इथे वाद घालायचाच नाही. पूर्ण पैसे परत, परतीचा कुरिअर खर्च आपला, आणि त्याच दिवशी शीर्षक बदललं.

हा नुसता चांगुलपणा नाही हां, कायदाच तसा आहे. १९३०च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विक्री झाली असेल तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. नमुना दाखवून आणि वर्णन करून अशी दोन्ही प्रकारे विक्री झाली असेल, तर माल नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. ऑनलाइन फोटो म्हणजे अगदी कायद्यातला नमुना असं मी म्हणत नाही, पण ‘फोटोत तर दिसत होतं’ हे उत्तर किती लंगडं आहे ते यावरून कळतं. शिवाय २०२०चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. म्हणजे लिस्टिंगखाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं कितीही ठळक लिहा, वर्णन चुकलं असेल तर ती पाटी उपयोगाची नाही.

दुसरा प्रकार: वर्णन खरं, पण दोघांच्या डोक्यातलं चित्र वेगळं. रंग हे याचं सगळ्यात मोठं कारण. मोरपंखी म्हटलं की कोणाला निळा दिसतो, कोणाला हिरवा. वांगी, आमसुली, चिंतामणी, रामा ग्रीन हे शब्द आपण घरात सहज वापरतो, पण दहा घरांत त्यांच्या दहा छटा असतात. त्यात प्रत्येक मोबाइलची स्क्रीन वेगळी. ‘नऊवारी’ही तशीच. कोणाला अखंड नऊ वार कापड हवं असतं, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कोणाला शिवलेली, घातली की झाली, अशी हवी असते.

इथे कोणी खोटं बोलत नसतं, त्यामुळे मधला मार्ग निघतो. माझं उत्तर साधारण असं असतं: ‘ताई, तुम्हाला वाटला तसा रंग आला नाही, याचं वाईट वाटलं. कृपया दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ एक फोटो काढून पाठवाल का? तुम्ही साडी परत करू शकता, किंवा ठेवायची असेल तर आम्ही काही रक्कम कमी करू. तुम्हाला काय सोयीचं आहे?’ यात ‘पण’ नाही, ‘तुम्ही नीट वाचलं नाही’ नाही. बऱ्याच जणी साडी ठेवतात. किती रक्कम कमी करायची? जाण्यायेण्याच्या कुरिअरला जेवढे गेले असते, त्याच्या आसपास. आपलं नुकसान तेवढंच, आणि ग्राहक टिकतो.

तिसरा प्रकार: लबाडी. पाठवली एक साडी, परत आली दुसरीच, तीही वापरलेली. असं कमी होतं, पण तीन-चार हजारांची साडी गेली तर छोट्या धंद्याचा महिन्याचा नफा जातो. इथे चिडून उपयोग नाही, पुरावा लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक पार्सल पॅक करतानाचा सलग व्हिडिओ घेतो: साडी, तिच्यावरची खूण, वजनकाट्यावरचा आकडा, पत्त्याचं लेबल, सगळं एका शॉटमध्ये. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडतो. आणि ऑर्डर आली त्या दिवशी लिस्टिंग कसं होतं त्याचा स्क्रीनशॉट ठेवतो. सॉफ्टवेअरमध्ये जुनी व्हर्जन जपतात ना, तसंच. नंतर वर्णन बदललं तरी त्या दिवशी काय लिहिलं होतं ते दाखवता येतं. या प्रकारात मात्र अजिबात माघार घ्यायची नाही. प्लॅटफॉर्मला तारखेनिशी चार ओळी लिहायच्या, व्हिडिओ जोडायचा आणि ग्राहकाशी शब्दाला शब्द वाढवायचा नाही.

एक नियम तिन्ही प्रकारांना लागू: पहिलं उत्तर लवकर द्या. त्याच २०२०च्या नियमांनुसार मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्यानेही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. आणि गप्प बसलेला विक्रेता ग्राहकाला चोरच वाटतो. मग तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो, आणि दोन मेसेजमध्ये मिटणारं प्रकरण लांबतं.

आता वर्णनाकडे. आमच्याकडे हळूहळू एक साचा तयार झाला. हातमाग की यंत्रमाग, पहिल्याच ओळीत. धागा कुठला. जर टेस्टेड असेल तर टेस्टेडच लिहायचं. लांबी मीटरमध्ये, ब्लाऊजपीस आहे की नाही, असेल तर किती. रंगाला घरगुती नाव द्यायचंच, पण जोडीला ‘निळ्याकडे झुकणारा हिरवा’ असं साध्या शब्दांत सांगायचं. आणि पदराच्या मागच्या बाजूचा फोटो हवाच. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो, यंत्रमागावरच्या साडीला मागे बहुतेक वेळा सुटे धागे दिसतात. तो एक फोटो दहा वाक्यांचं काम करतो. काकूला भीती होती की ‘रेशीम नाही’ असं स्पष्ट लिहिलं तर कोण घेणार? घेतात. बाराशेची साडी बाराशेचीच आहे हे माहीत असलेला ग्राहक धागा जाळून बघत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. तुमची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू घ्या. तिचं वर्णन, फोटो न दाखवता, तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, ‘पार्सलमध्ये काय येईल असं वाटतं?’ त्यांच्या उत्तरात आणि तुमच्या वस्तूत जिथे फरक पडेल, तिथे तुमची पुढची तक्रार बसलेली आहे. ती यायच्या आधीच ते वाक्य बदला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे आलेली अशी एखादी तक्रार असेल तर नक्की कळवा, पुढे कधीतरी त्यावर बोलू.