मोटार ऑटोवर आहे का?
(कवठे महांकाळ येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडे एस.टी. वेळेवर येत नाही, तुम्ही विमानाचं काय घेऊन बसलात?" रास्त आहे. म्हणून विहिरीवरच्या मोटारीपासून सुरुवात करते.

म्हैसाळचं पाणी आलं तरी या तालुक्यात विहिरी-बोअर आहेतच, आणि वीज येते रात्री-अपरात्री. म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठी. पण ती ऑटोवर आहे हे ठाऊक नसताना कुणी वायरला हात लावला आणि तेवढ्यात वीज आली तर? किंवा विहिरीचा तळ लागला नि मोटार कोरडीच चालत राहिली तर? मोटार बिघडलेली नसते. ती सांगितलेलंच काम करते. आपल्याला वाटत असतं, ती दुसरंच काही करतेय.

विमानात हेच घडलं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. १४६ जणांपैकी ९२ गेले. विमान नवं कोरं, संगणकाच्या मदतीनं चालणारं. वैमानिक दोघेही अनुभवी. संगणक मात्र अशा पद्धतीवर लागलेला, की इंजिनं अगदी मंद ठेवून विमान नुसतं खाली आणायचं. वेग ठरल्यापेक्षा ताशी ४५ किलोमीटरहून अधिक घटला. ध्यानात आलं तोवर जमीन जवळ आली होती. मंद इंजिनाला पुन्हा जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे उरले नव्हते.

इतर अनेक विमानांत इंजिनाचा जोर आपोआप बदलला की वैमानिकाच्या हाताखालचा दांडाही सरकतो, हाताला कळतं. या विमानात तो जागचा हलत नाही. पडद्यावरची अक्षरं वाचायची. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. मला ते अपुरं वाटतं. कुकरची शिट्टी काढून तिथे बारीक अक्षरांत 'दाब वाढला' असं लिहिलं, तर दोष स्वयंपाक करणाऱ्याचा की कुकर बनवणाऱ्याचा? २०१८-१९ मध्ये बोईंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी व्यवस्था त्यात होती. पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तकात तिचा खुलासाच नव्हता.

आता वैमानिकांना शिकवतात, की संगणकाची पद्धत बदलली की मोठ्यानं बोलायचं. आणि धाकट्यानं थोरल्याला टोकायचं. हे दुसरं शिकवावं लागतं, यात मला तरी नवल वाटलं नाही.

मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा प्रॅक्टिकलला चौघांचा गट असे. तीन मुलगे आणि मी. ते मशीन चालवत, मी रीडिंग लिहून घेई. कारण काय, तर "तुझं अक्षर छान आहे". एकदा डिझेल इंजिनाची चाचणी चालू असताना त्याचा आवाज बदलला. मला तो ऐकू आला. मी बोलले नाही. माझं काम लिहायचं होतं ना! मिनिटभरात ब्रेकचा दोर तुटून एका मुलाच्या दंडावर बसला. जखम भरली. त्या दिवशीचं रीडिंग माझ्या जर्नलमध्ये अजून सुवाच्य अक्षरात आहे, आणि ते पाहिलं की मला लाज वाटते.

आज महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत. २०२४ पासून अनेक मुलींची फीही माफ झाली. चांगलंच झालं. पण वर्गात शिरलेल्या मुलीच्या हातात पाना येतो की पेन, हे कुठल्याही जी.आर.मध्ये लिहिलेलं नसतं. मी शिकवायला लागल्यावर नियम केला, दर आठवड्याला लिहिणारा बदलायचा. पहिली तक्रार आली ती मुलांकडून नव्हे, एका मुलीच्या आईकडून: "कपड्यांना ऑइल लागतं हो!" तिला कसं समजावायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मुलगीच म्हणाली, "आई, मी धुईन."

असो. फार बोलले. बाहेर ओट्यावर एक जुना स्टार्टर ठेवलाय, वीज जोडलेली नाही. ज्यांच्या शेतात मोटार आहे त्यांनी जेवणाआधी तिकडे या. झाकण तुम्हीच उघडायचं. ऑटोचं बटण कुठलं, ते आपण शोधू.