मज्जातंतूंचा निरोप्या

सरोजिनी नगर ही दिल्लीतील सरकारी नोकरांची जुनी वसाहत. पावसाळा आला की दिल्लीच्या अशा वसाहतींतून डासांच्या अळ्या शोधणारी माणसे हिंडू लागतात. कूलरच्या टाकीत पाणी साचलेले दिसले की त्यात टेमेफॉस नावाचे औषध टाकण्याचा प्रघात आहे. दहा लाख भाग पाण्याला त्याचा एक भाग पुरतो. एवढ्या मात्रेने माणसाला अपाय होत नाही. अळी मात्र मरते. ती का मरते, हे समजून घेतले म्हणजे माणसाच्या मेंदूचे आणि आतड्याचे नाते उलगडते.

एका मज्जातंतूचा निरोप पुढे जातो तो बहुधा रसायनाच्या हाती. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याची गती मंद केली आणि त्यातील द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला. तेही मंदावले. निरोप द्रवातून गेला होता! या निरोप्याचे नाव ॲसिटिलकोलीन. या शोधांबद्दल लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हाच निरोप्या आतड्याला चालना देतो, तोंडाला लाळ आणतो, स्नायू आखडवतो आणि मेंदूत स्मृती व अवधान जागे ठेवतो.

पण निरोप पोचविणे जितके आवश्यक, तितकेच तो पुसून टाकणेही आवश्यक. फळा पुसल्यावाचून पुढचे गणित मांडता येत नाही. हे पुसण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य क्षणार्धात करते. टेमेफॉस ज्या सेंद्रिय फॉस्फरसाच्या कुळातले आहे, त्या कुळातील विषे नेमका हा पुसणारा हातच बांधून टाकतात. मग एकच निरोप शरीरभर पुनःपुन्हा दुमदुमत राहतो.

दिल्लीत थेंबांनी मोजले जाणारे हे कूळ वऱ्हाडात माणसांच्या पाठीवर असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात त्याचा भयंकर प्रत्यय आला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. तिच्यात शिरून फवारणी करणाऱ्या मजुरांच्या अंगावर, तोंडावर फवारा येई. संरक्षण म्हणाल तर फार तर एक रुमाल. विसाहून अधिक माणसे दगावली, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. फवारल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही याच कुळातील विषे होती. त्यांपैकी मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ सालीच बंद करण्यात आला होता. कपाशीवरचा मात्र चालू राहिला.

अशा विषबाधेत पुष्कळदा पोट आधी बोलते. मळमळ, ओकारी, मुरडा, जुलाब, तोंडाला सुटलेली लाळ, दरदरून घाम. बाहुल्या बारीक होतात, दिसणे अंधुक होते. मग भ्रम, झटके, बेशुद्धी. आणि अखेर श्वासच अडतो. ऊन लागले किंवा अन्न बाधले असे समजून मजूर घरी पडून राहिला, तर मोलाचे तास हातचे जातात. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे ॲट्रोपिन देऊन निरोप्याचे दार अडविता येते. हे द्रव्य धोतऱ्यातही असते. पण म्हणून घरी धोतरा देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष घालणे होय.

नवल असे, की हाच हात सौम्यपणे आवरणे हा उपचारही ठरतो. अल्झायमरच्या विकारात मेंदूतील हा निरोप्या दुर्बळ होतो. डोनेपेझिल हे औषध पुसण्याचे काम थोडे मंदावून उरलेला निरोप अधिक काळ टिकविते. रोग त्याने बरा होत नाही. स्मृतीला काही काळ आधार मिळतो. काही रुग्णांना त्याने मळमळ आणि जुलाब होतात, कारण मेंदूसाठी घेतलेली गोळी आतड्यातल्या निरोप्यालाही भेटते.

शेतकरी फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतो. शब्द चुकीचा नाही. औषध आणि विष यांच्यामध्ये मात्रेचीच भिंत असते. कूलरच्या पाण्यासाठी ती भिंत मोजून बांधली जाते. रोजंदारीवरच्या मजुराला मात्र मिश्रण निवडता येत नाही, आणि डब्यावरचा बारीक मजकूर पुष्कळदा वाचताही येत नाही. त्याच्यासाठी ती भिंत दुसऱ्या कोणी तरी बांधावयास हवी. आणि हे काम विकणाऱ्याचे, मालकाचे व शासनाचे आहे.