दगडात मुरलेले पाणी



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस ज्वालामुखीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींना गंमत वाटली असेल. परंतु आम्ही ज्या खडकांविषयी सांगणार आहोत, त्यांच्यावर माणसांची घरे उभी आहेत. कोळ्यांची आहेत, कामगारांची आहेत. म्हणून हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

इटलीत नेपल्स शहराच्या पश्चिमेस कांपी फ्लेग्रेई नावाचा मुलूख आहे. तेथे ज्वालामुखी म्हणून उंच डोंगर शोधू गेलात तर फसाल. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा सुमारे १५,००० वर्षांपूर्वी, तेथील भूगर्भातला शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर पडला. पोट रिकामे झाले, वरचे छप्पर आत खचले आणि बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीचा खळगा तयार झाला. अशा खळग्यास शास्त्रज्ञ काल्डेरा म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ कढई असाच आहे. या कढईचा काही भाग समुद्राखाली आहे; उरलेल्या भागात पोझुओली हे गाव व नेपल्सच्या काही वस्त्या आहेत. शेवटचा उद्रेक १५३८ साली झाला, पण चूल विझलेली नाही. पावसाचे आणि समुद्राचे पाणी खडकांतून खाली मुरते, तेथे तापते आणि शिलारसातून सुटलेले वायू बरोबर घेऊन वर येते. वर येताना हे कढत पाणी खडकावर तीन प्रकारची कामे करते.

पहिले काम घट्ट करण्याचे. पंधरा हजार वर्षांपूर्वी पडलेली राख करड्या रंगाची व भुसभुशीत होती. जेथे तिच्यात उष्णता आणि पाणी कोंडून राहिले, तेथे राखेतली काच विरघळली आणि तिच्यातून झिओलाइट नावाच्या खनिजांचे बारीक स्फटिक तयार झाले. त्यांनी कणाला कण जोडला, आणि पिवळा, बांधकामाजोगा दगड झाला. नेपल्समधील कितीतरी घरे व देवळे याच दगडाची आहेत. जेथे पाण्याचा हात फिरला नाही, तेथे राख सुटीच राहिली. तीच राख चुन्यात कालवून रोमन गवंड्यांनी पाण्याखालीही घट्ट होणारे काँक्रीट केले. तिचे पोझोलाना हे नाव पोझुओलीवरूनच पडले.

झिओलाइट हे नाव अनोळखी असले, तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या बाजूला दगडखाणीत सुरुंग उडतो, तेव्हा काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकतात. त्यांत झिओलाइट असतात. आपला खडक काल्डेरातला नव्हे, भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. पण लाव्हा थिजल्यावर त्याच्या पोकळ्यांतही ऊन पाणी खेळले.

दुसरे काम नेमके उलटे, मऊ करण्याचे. पोझुओलीजवळ सोल्फातारा नावाचे विवर आहे. तेथे जमिनीतून वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड आणि गंधकाचा वायू निघतो. हवा व ओल मिळताच त्या गंधकवायूचे आम्ल बनते आणि ते खडक खाऊ लागते. फेल्स्पारसारख्या कठीण खनिजांची पांढरी चिनी माती होते, तुरटीच्या जातीची खनिजे तयार होतात. वरून जमीन शाबूत दिसते, आत मात्र जीव उरलेला नसतो. २०१७ साली तेथे पायाखालची जमीन खचून एकाच कुटुंबातील आईवडील व मुलगा असे तिघे दगावले. त्यानंतर ती जागा लोकांसाठी बंद झाली.

तिसरे काम बुजविण्याचे. गिरणीत बॉयलरवर राबलेल्यांना हे समजावून द्यायला नको. पाणी तापत राहिले की त्यातले क्षार नळीला आतून धरतात, वाट अरुंद होते, आणि वेळीच तो थर खरवडला नाही तर नळी फुटते. भूगर्भातही वर येणारे पाणी निवते किंवा उकळते, तसे त्यातले सिलिका व कॅल्साइट फटींत साचतात. पाण्यानेच पाण्याची वाट बंद होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की कांपी फ्लेग्रेईच्या पोटातील झाकणासारख्या खडकात रोमन काँक्रीटसारखीच तंतुमय खनिजे आहेत. झाकण चिवट, म्हणून दाब फार काळ सोसते. त्याच्या खालची धग किती आहे? सान व्हितो येथे खणलेल्या खोल विहिरीत तीन किलोमीटरच्या आसपास तापमान सुमारे ४०० अंश आढळले.

आता या दाबाचा माणसांशी संबंध पाहा. १९७० साली जमीन वर उचलली जात होती, तेव्हा पोझुओलीच्या रिओने तेर्रा या जुन्या वस्तीतले लोक घराबाहेर काढले गेले. १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, बंदर उथळ झाले, धरणीकंपांनी घरे तडकली आणि सुमारे ४०,००० माणसांना हलवावे लागले. उद्रेक मात्र झाला नाही. जमीन पुन्हा हळूहळू खाली बसली. २००५ च्या सुमारास ती परत वर येऊ लागली, आणि २० मे २०२४ रोजी ४.४ तीव्रतेचा धक्का बसला.

हे सारे शिलारस वर सरकल्याने होते, की कोंडलेल्या पाण्याच्या व वायूंच्या दाबाने, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तो वाद केवळ विद्वानांचा नाही. शिलारस असेल तर गाव सोडावे लागेल. दाब पाण्याचा असेल तर उद्रेकाविना धक्के बसत राहतील आणि घरे मजबूत करावी लागतील. उद्रेक झाला नाही म्हणून १९८३-८४ चा इशारा खोटा होता, असे म्हणणारे आम्हांला भेटतात. त्यांना आम्ही विचारतो, बॉयलर फुटला नाही म्हणून काट्याने दाखविलेला दाब खोटा होता काय?

१८४१ साली स्थापन झालेली व्हेसुव्हियसची वेधशाळा आज या कढईवरही नजर ठेवून आहे. ती वायू तपासते, जमिनीची उंची मोजते. हे आकडे सरकारी कचेरीत पोचतात तितकेच ते कोळ्याच्या घरात, त्याला समजेल अशा भाषेत पोचले पाहिजेत. ज्याच्या पायाखाली पाणी मुरते आहे, त्याला ते कळण्याचा पहिला हक्क आहे. बॉयलरजवळ उभ्या असलेल्या कामगारासाठी आम्ही जे मागत आलो, तेच ज्वालामुखीच्या कढईत राहणाऱ्यासाठीही मागतो.