मुलींचा एक तास



ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी मुलगी. भुवनेश्वरला आपला संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला.

अष्टम कर्णधार झाली, तेव्हा कुठे तिच्या गावच्या रस्त्याचे काम निघाले. त्या कामावर तिचेच आईवडील रोजंदारीने राबत होते.

हे वाचून मला राग आला. मुलगी कर्णधार होईपर्यंत गावाने रस्त्याची वाट का पाहावी? मग स्वतःकडे पाहिले. आमच्या वसतिगृहात मुलगे खेळत असताना, "चेंडू ठेवा, भाकऱ्या करायला चला," असे मुलींना मीच सांगत आलो होतो.

आता भाकऱ्या सगळे मिळून करतात, आणि संध्याकाळी मैदानावर एक तास मुलींचा असतो. त्यांतली एकही विश्वचषकाला गेली नाही, तरी तो तास त्यांचाच राहावा. यासाठी प्रार्थना करा. जमल्यास एक चेंडूही पाठवा.