रुग्णालयाची निवड आणि गावचा डॉक्टर

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीत एखाद्या वृद्ध बागायतदाराच्या छातीत कळ आली, तर घरची माणसे प्रथम गावच्या डॉक्टरांकडे धाव घेतात. डॉक्टर रक्तदाब पाहतात आणि चिठ्ठी लिहून देतात. ती चिठ्ठी कोणत्या रुग्णालयाच्या नावे लिहावयाची, या प्रश्नात रुग्णाचा जीव आणि कुटुंबाची पुंजी ही दोन्ही गुंतलेली असतात. अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई गाठावी लागते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०२३ मध्ये प्रतिकुटुंब दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. योजनेत रुग्णालये आणि उपचारांचे दर आधीच ठरलेले असतात. रुग्णाला रोख मोजावी लागत नाही. ही व्यवस्था निःसंशय उपकारक आहे. मात्र रुग्णालये निश्चित करताना रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरांचे मत विचारात घेण्याची सोय तीत नाही.

इंग्लंडने नेमका हाच अधिकार कुटुंबवैद्यांना देऊन पाहिला. १९९१ पासून इच्छुक डॉक्टरांच्या हाती रुग्णालयीन उपचारांचा निधी सोपविण्यात आला. अशा डॉक्टरांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेची तारीख लवकर मिळू लागली. शेजारच्या डॉक्टरांचे रुग्ण मात्र रांगेतच राहिले. हा उघड पंक्तिप्रपंच होता. १९९९ मध्ये ती पद्धत बंद होऊन प्रत्येक भागातील सर्व कुटुंबवैद्यांचे गट करण्यात आले. पुढे २०१३ मध्ये कायद्याने नवे गट स्थापन झाले आणि २०२२ मध्ये तेही विसर्जित झाले. रचना बदलत गेल्या.

चौल, रेवदंडा, नागाव येथील डॉक्टरांना निधी मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार योजनेतून मिळतो आणि कोठे राखीव खाटा आहेत, याची एकच यादी या डॉक्टरांनी एकत्र बसून करावी आणि ती सर्वांच्या टेबलावर असावी. रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन घेणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे. तरीही ‘कट’ हा शब्द खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. यादी सामायिक असली, तर चिठ्ठी भलत्याच दारी का गेली, हे विचारता येते. तीच यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर शिधापत्रिका घेऊन निघालेल्या मुलालाही ती वाचता येईल.