मुक्या जनावराचें ऋण

बिद्रीच्या साखर कारखान्याकडे ऊंस ओढणारा बैल मागच्या पायानें लंगडूं लागला, कीं धनी प्रथम खूर पाहतो. दुखणें मात्र कधीं वर, गुडघ्यांत असतें. तेथें हाडांच्या टोकांवर कूर्चेचें, म्हणजे मऊ हाडाचें, गुळगुळीत अस्तर असतें. तें एकदां नासलें म्हणजे पुन्हां भरून येत नाहीं, असें विल्यम हंटर यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें १७४३ सालीं मांडलें. कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात, हें त्याचें एक मुख्य कारण होय.

परंतु हीच उणीव उपकारक ठरते. रक्ताचा संबंध नाहीं आणि पेशी घट्ट आवरणांत दडलेल्या. त्यामुळें दुसऱ्याची कूर्चा शरीर सहसा झिडकारीत नाहीं. तिच्याखालच्या हाडाची गोष्ट निराळी. म्हणून दात्याच्या कूर्चेचें कलम आधीं जनावरांत पारखतात. सशाची कूर्चा पातळ. लहान जखम पुष्कळदां आपोआपच भरते, तेव्हां तेथील यश फसवें असूं शकतें. शेळी, मेंढी वा घोडा यांच्या भार वाहणाऱ्या गुडघ्यांत कलम अनेक महिने टिकलें, तरच कांहीं आशा.

भारतांत अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याचें नियंत्रण आहे. पण कायद्यापलीकडेही एक कर्तव्य उरतें. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणें प्रसिद्ध झाला नाहीं, तर तीच यातना दुसऱ्या मुक्या जीवाला पुन्हां सोसावी लागते.