उत्तर न आलेली घरं
(अध्यक्षीय भाषण)



समाजाची पाहणी करणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अधिवेशनासाठी अलिबागजवळचं हे थळ गाव निवडलंत, याचा आनंद त्याहून मोठा. संघर्ष शमल्यावर माणसं कशी जगतात आणि ते समाजमाध्यमांवरच्या सर्वेक्षणांतून कितपत कळतं, हा यंदाचा आपला विषय. त्यावर बोलायला ही जागा योग्य आहे.

समोर समुद्रात खांदेरीचं बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांशी लढाई जुंपली. महाराजांचे सरदार मायनाक भंडारींनी बेटावर ठाण मांडलं, दौलतखानाचं आरमार मदतीला आलं, रसद याच किनाऱ्यावरून जात होती. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला; पण त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं आणि हा किनारा त्याच्या धाकाखाली आला. कोणतं गलबत केव्हा आलं, कोण कामी आलं, हे इंग्रजांच्या वखारीच्या पत्रव्यवहारातून अभ्यासकांना बारकाईने मांडता आलं. पण ती पत्रं कंपनीच्या कामासाठी लिहिलेली होती. थळच्या कोळीवाड्यात किती होड्या उरल्या, कोणाच्या घरी धान्य संपलं, कोण गाव सोडून गेलं, हे विचारणं त्या लिहिणाऱ्यांचं काम नव्हतं. लिहिणाऱ्याला ज्याच्याशी कर्तव्य असतं, त्याचीच नोंद राहते. आज लेखणीच्या जागी मोबाईल आला, तरी हा धोका तसाच आहे.

नव्या साधनाचं मोल मी कमी लेखत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेसबुकच्या जाहिरात-यंत्रणेतून कोणत्या प्रांतात रोज किती वापरकर्ते दिसतात, ते मोजलं. मार्चच्या मध्यापर्यंत सुमारे ५३ लाख माणसं आपला प्रांत सोडून देशातच दुसरीकडे गेली, असा त्यांचा अंदाज निघाला. त्याच दिवसांत आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने दोन हजार जणांना फोन करून सुमारे ६५ लाखांचा अंदाज काढला. दोघांची विस्थापनाची व्याख्या एक नव्हती, म्हणून आकडेही वेगळे आले. तरीही बॉम्ब पडत असताना, अवघ्या तीन आठवड्यांत, मदत कुठे पाठवायची हे ठरवण्याइतकं चित्र हाती आलं. घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाला ते शक्य नव्हतं.

पण माणसं कुठे गेली, हे कळणं वेगळं आणि ती कशी जगताहेत, हे कळणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर कोण देतं, यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेत कोविडच्या काळात फेसबुकमार्फत चाललेल्या सर्वेक्षणाला आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं येत होती. तरी मे २०२१ मध्ये लशीची किमान एक मात्रा घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के-अंकांनी जास्त दिसलं. ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणाने ही चूक उघड केली. उत्तरांच्या ढिगाने चूक कमी झाली नाही, चुकीवरचा विश्वास मात्र वाढला.

आपल्याकडे तर उत्तर देणारा आणि न देणारा यांच्यातली दरी घराच्या आतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचं प्रमाण ५७ टक्के होतं आणि स्त्रियांचं ३३. किनाऱ्यावरचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. वडील होडीवर, रेंजच्या बाहेर. आई मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात. स्मार्टफोन कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हातात. आपली लिंक त्या घरात पोहोचते, मुलगा दोन मिनिटांत ती भरतो आणि आपण लिहितो : एक कुटुंब, एक उत्तर. घरात पैसा कसा येतो आणि कुठे अडतो, हे ज्या बाईला पै-पैशानिशी ठाऊक आहे, तिला आपण विचारलेलंच नसतं.

संघर्षानंतर यात भीतीची भर पडते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव उसळला, तो मोबाईलवरच्या स्टेटसवरून, आणि इंटरनेट बंद करावं लागलं. मणिपुरात त्याच वर्षी मे महिन्यापासून मोबाईल इंटरनेट कित्येक महिने बंद होतं. म्हणजे जिथे विचारणं सर्वांत गरजेचं, तिथे आपली वाटच बंद. ती उघडली तरी, ज्या फोनवरून भांडण पेटलं त्याच फोनवर अनोळखी माणूस विचारतो, ‘तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?’ समोरचा गप्प राहतो, किंवा ‘सगळं ठीक आहे’ यावर बोट ठेवतो. त्या ‘ठीक’ला शांतता समजणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

मराठी मुलुखाला मात्र होरपळलेल्या माणसांपर्यंत जाऊन केलेल्या पाहणीची परंपरा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. त्या वस्तीचं पुढे उल्हासनगर झालं. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील यांनी पेरिन कॅबिनेटमेकर यांच्यासह केलेला निर्वासितांचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ ची. गडचिरोलीसारख्या हिंसेने होरपळलेल्या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, आणि ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू राज्यापुढे ठेवले. विचारणारं माणूस ओळखीचं होतं, म्हणून आई बोलली.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. समाजमाध्यमावरचं सर्वेक्षण ही पाहणीची सुरुवात आहे, तिचा शेवट नव्हे. ज्या वाडीतून, ज्या मोहल्ल्यातून उत्तरं आली नाहीत, त्यांची यादी आधी करा आणि पहिली पायपीट तिथे करा. ‘परिस्थिती कशी आहे?’ असं मोघम विचारू नका. काल घरात किती वेळा स्वयंपाक झाला, गेल्या आठवड्यात मुलगी शाळेत गेली का, बाजाराला जाताना नेहमीचा रस्ता वापरता की लांबचा, हे विचारा. लांबचा रस्ता धरणारा माणूस ‘भीती’ हा शब्द न उच्चारता तिची हकिकत सांगतो. नाव, फोन नंबर, घराचं ठिकाण गरजेशिवाय गोळा करू नका, आणि मोजकीच घरं असलेल्या वस्तीचे आकडे वेगळे छापू नका. आपल्या तक्त्यावरून कोणाचं दार ओळखलं जाता कामा नये. आणि निष्कर्ष त्या वस्तीला तिच्या बोलीत वाचून दाखवा. माहिती त्यांची आहे. तिच्यावर पहिला हक्क त्यांचा.

समारोपाच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्यांत एक असा असावा : आपल्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर किती उत्तरं आली, हे सांगण्याआधी कोणापर्यंत पोहोचता आलं नाही आणि का, हे लिहिलं जाईल. ते लिहिलेलं नसेल, तर तो अहवाल परिषदेत वाचला जाणार नाही. मदत अशाच कागदांवरून वाटली जाते. कागदावर नसलेल्या घराला ती मिळत नाही. हा ठराव एकमताने व्हावा आणि त्याची अंमलबजावणी माझ्या स्वतःच्या कामापासून सुरू व्हावी, अशी अध्यक्ष या नात्याने मी मागणी करतो.